हप्ता नको, तारीख विचारा

मार्चअखेर जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या गावोगावच्या सोसायट्यांपुढे आणि बँकांच्या शाखांपुढे गर्दी होते. पीककर्ज नवं-जुनं करायचे असते. कुणी पाहुण्याकडून, कुणी आडत्याकडून, कुणी सावकाराकडून चार-आठ दिवसांसाठी रक्कम उचलतो, जुने खाते भरतो, नवे कर्ज मंजूर करून घेतो आणि त्यातूनच ही उसनवारी व्याजासह भागवतो. वेळेत भरलेल्या ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचे व्याज केंद्राच्या आणि राज्याच्या सवलतीमुळे शून्यावर येते, म्हणून या धावपळीला अर्थ आहे. कापूस-सोयाबीनच्या भावाचा आणि पावसाचा भरवसा नसलेल्या माणसाने खाते नियमित ठेवण्यासाठी हे केले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पण या रिवाजाने एक समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे. नवे कर्ज मिळाले म्हणजे जुने फिटले, ही ती समजूत. शेतातून ती आता घरात शिरली आहे आणि तिथे ती फार महाग पडते. बीड, अंबाजोगाई, माजलगाव, परळी, गेवराई इथे गेल्या पंधरा-वीस वर्षांत शिक्षकांनी, पोलिसांनी, एसटीच्या कर्मचाऱ्यांनी, लहान व्यापाऱ्यांनी गृहकर्ज काढून घरे बांधली. त्यांच्याकडे आता नवे प्रस्ताव येत आहेत. कर्ज दुसरीकडे न्या, व्याज कमी, हप्ता कमी, वर टॉप-अप. या प्रस्तावाला हो म्हणायचे की नाही, हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि त्याहून अधिक घरातल्या माणसांशी प्रामाणिक राहण्याचा.

हिशेब आधी पाहू. केज तालुक्यातल्या शाळेवर नोकरी आणि बीडला धानोरा रोडवर घर असलेले एक गुरुजी डोळ्यांपुढे आणा. पस्तिसाव्या वर्षी त्यांनी २० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले. हप्ता बसला १८,६४३ रुपये. सात वर्षे त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही. म्हणजे ८४ हप्त्यांत त्यांनी १५ लाख ६६ हजार रुपये भरले. बाकी मुद्दल किती असेल? १६ लाख ६७ हजार. सात वर्षांत मुद्दल फिटले ते ३ लाख ३३ हजार, उरलेले सगळे व्याजात गेले. यात बँकेने काही फसवलेले नाही. हप्त्याची रचनाच अशी असते की सुरुवातीच्या वर्षांत व्याज जास्त आणि मुद्दल कमी कापले जाते. पण बहुतेक घरांत कर्जखात्याचा उतारा कुणी उघडून पाहिलेला नसतो.

मधल्या सुट्टीत एजंट शाळेत येतो. “सर, साडेआठ टक्क्यांनी करून देतो. हप्ता चार हजारांनी उतरतो.” खोटे तो बोलत नाही. बाकी १६ लाख ६७ हजार साडेआठ टक्क्यांनी पुन्हा २० वर्षांवर पसरले की हप्ता १४,४६४ रुपये होतो. दरमहा ४,१७९ रुपये वाचले. गुरुजी एकच प्रश्न विचारतात, हप्ता किती? न विचारलेला प्रश्न असा असतो की घर मोकळे कधी होणार? जुन्या कर्जात १३ वर्षे उरली होती, ते पंचावन्नाव्या वर्षी संपले असते. नवे कर्ज बासष्टाव्या वर्षी संपेल आणि शिक्षक निवृत्त होतो अठ्ठावन्नाव्या वर्षी. जुन्या वाटेने एकूण २९ लाख ८ हजार भरायचे होते, नव्या वाटेने ३४ लाख ७१ हजार. दर एक टक्का कमी झाला आणि देणे साडेपाच लाखांनी वाढले.

आता तेच गुरुजी दुसऱ्या रीतीने वागले असते तर? दर साडेआठ घ्यायचा, मुदत मात्र १३ वर्षेच ठेवायची. हप्ता १७,६८६ होतो आणि तेरा वर्षांत जवळजवळ दीड लाख वाचतात. त्याहून चांगले म्हणजे हप्ता जुनाच, १८,६४३ भरत राहायचे. सवय झालेलीच आहे. मग कर्ज सुमारे १४ महिने आधी संपते आणि अडीच लाखांहून जास्त रक्कम घरात राहते. तीच बँक, तोच दर, तोच एजंट. फरक पडला तो मुदतीच्या रकान्यात काय लिहिले त्याने. म्हणून कर्ज बदलावे की नाही याचे माझे उत्तर एका कसोटीवर ठरते. घर मोकळे होण्याची तारीख अलीकडे येत असेल तर जरूर बदला. तारीख पुढे ढकलली जात असेल तर, घरात मोठे आजारपण किंवा नोकरी जाण्यासारखे खरेखुरे संकट नसेल तर, सही करू नका.

टॉप-अपने हा खेळ आणखी गोड होतो. एजंट म्हणतो, “हप्ता आहे तेवढाच ठेवू, वरून पाच लाख हातात देतो.” हेही खरे असते. १६ लाख ६७ हजारांत ५ लाख मिळवले, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांवर टाकले, तर हप्ता येतो १८,८०३. जुन्या हप्त्यापेक्षा फक्त १६० रुपये जास्त. पाच लाख जणू आकाशातून पडले. पण वीस वर्षांची बेरीज होते ४५ लाख १३ हजार. जुन्या कर्जाचे उरलेले देणे २९ लाख ८ हजार होते. हाती आले पाच लाख, अंगावर चढले सोळा लाख. हे मधल्या सुट्टीत सांगितले जात नाही.

आणि हे पाच लाख जातात कुठे? आपल्या जिल्ह्यात याचे उत्तर शोधायला लांब जावे लागत नाही. लग्न. मंगल कार्यालय, हजारोंची पंगत, ड्रोनचे शूटिंग, आणि ज्याचा उल्लेख कुठल्याही अर्जात होत नाही तो हुंडा. टॉप-अपच्या अर्जावर कारण लिहिले जाते ‘घरदुरुस्ती’. घराची एक वीटही हलत नाही आणि छप्पर मात्र दुसऱ्यांदा गहाण पडते. हुंडा देणे आणि घेणे १९६१ पासून गुन्हा आहे. त्या गुन्ह्यासाठी स्वतःचे घर तारण ठेवणारा बाप मुलीचे भले करत नाही. तो तिच्या आईचे आणि धाकट्या भावंडांचे घर एका दिवसाच्या मानपानासाठी वीस वर्षे टांगणीला लावतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. त्यात भटाविना, थोड्या खर्चात लग्ने लावण्याचा आग्रह धरला गेला, त्यामागे कर्जाची हीच जाणीव होती. दीडशे वर्षांनंतर आपण तो आग्रह जयंतीच्या भाषणापुरता ठेवला आणि लग्नाची पत्रिका छापायच्या आधी गृहकर्जाचा उतारा काढू लागलो. ज्या सोयऱ्याला हुंड्यासाठी तुमचे घर गहाण पडलेले चालते, त्याच्या घरी मुलगी द्यायची कशाला?

पीककर्जाच्या नवं-जुनंची रीत घराला का लावता येत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. शेतीच्या कर्जात निसर्गाचा धोका आहे हे सरकारलाही मान्य आहे. म्हणून २००८ मध्ये केंद्राची, २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची आणि २०१९ मध्ये महात्मा फुल्यांच्या नावाची कर्जमाफी झाली. त्या अपुऱ्या होत्या की योग्य होत्या हा वाद वेगळा. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. घर वगळलेले नाही. गृहकर्ज थकले की ६० दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर बँक न्यायालयात दावा न लावता घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. आणि पीककर्जासारखी माफी पगारदाराच्या गृहकर्जाला मिळत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आपल्या जिल्ह्यातली शेते वाहून गेली, तेव्हा पंचनामे निदान शेतांचे झाले. ज्याचे दुकान त्या शेतकऱ्यांच्या उधारीवर चालते, त्याच्या गृहकर्जाच्या हप्त्याचा पंचनामा कुणी केला नाही.

कर्ज पुढे-पुढे ढकलत राहण्याचे शेवटचे टोक आपल्या जिल्ह्याला तर रोज दिसते. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाची उचल तिच्यावरच चढते. त्या जोडप्यापुढे दुसरा पर्याय नसतो. पगारदार माणसाला पर्याय असतो, आणि तरीही तो जेव्हा आपली बाकी स्वखुशीने सात वर्षे पुढे नेतो, तेव्हा उचलीच्या साखळीत तो स्वतःहून पाय अडकवतो.

या सगळ्यात एक सही नेहमी न वाचता होते. ती बायकोची. घर दोघांच्या नावावर असते किंवा ती सहकर्जदार असते, म्हणून एजंट घरी येतो. पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात. “ताई, इथं, इथं आणि इथं.” चहा होतो, तिसेक पानांवर सह्या होतात, दहा मिनिटांत विषय संपतो. त्या पानांत टॉप-अप आहे की नाही, मुदत किती, विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळला आहे का, हे तिला कुणी सांगत नाही, आणि बऱ्याचदा नवऱ्यालाही ते माहीत नसते. नवऱ्याचे काही बरेवाईट झाले तर नोटीस मात्र तिच्या नावाने येते. घर चालवताना मिठा-मिरचीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला वीस वर्षांच्या देण्याचा हिशेब कळणार नाही, असे मानणे हा तिचा अपमान आहे. मी तर म्हणेन, ज्या घरात दोघांनी एकत्र बसून कर्जाचा कागद वाचलेला नाही, त्या घराने कर्ज बदलण्याचा विचारही करू नये.

वाचायचे तरी काय, असे कुणी विचारील. यात आता कायदा तुमच्या बाजूने आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याने महत्त्वाच्या अटींचा एक तक्ता, ज्याला बँकेत केएफएस म्हणतात, कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे आणि समजावून सांगणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो. जाहिरातीतला दर सोडा, हा पाहा. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने आणखी एक हक्क दिला. दर तीन महिन्यांनी बँकेने सांगायचे की आजवर मुद्दल किती वसूल झाले, व्याज किती, हप्ते किती उरले. दर वाढला की तुम्हाला न विचारता मुदत ताणायची पद्धत होती, तिलाही या परिपत्रकाने वेसण घातली. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला तेव्हा असंख्य कर्जदारांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मुकाट्याने वाढली. सात टक्क्यांनी घेतलेल्या २० लाखांच्या कर्जाचा दर दोन वर्षांनी साडेनऊ झाला, तर १५,५०६ रुपयांच्या हप्त्यातले जेमतेम साडेचारशे रुपये मुद्दलात जातात. ज्यांनी तेव्हापासून उतारा काढलेला नाही, त्यांनी तो काढावा.

इतिहासाची एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली. पुणे-नगर जिल्ह्यांत लोण पसरले तेव्हा त्यांनी मुख्यतः खतपत्रे आणि चोपड्या जाळल्या. जे वाचता येत नव्हते आणि ज्यावर अंगठा घेतला गेला होता, त्याची त्यांनी होळी केली. त्यानंतर १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. त्यात कर्जदाराला पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क मिळाला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो हक्क आपल्या पणजोबांना मिळाला नाही. आज तो आपल्याला आहे, वाचताही येते, आणि आपण कागद न वाचता कपाटात ठेवतो.

मग कर्ज बदलणे नेहमीच चूक का? मुळीच नाही. काहींनी तर ते आजच केले पाहिजे. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांवर उतरला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेतून बदलत्या दराने घेतलेल्या गृहकर्जांना ही घट आपोआप मिळते, त्या कर्जदारांनी फक्त आपली मुदत खरेच कमी झाली का ते तपासावे. पण ज्यांचे कर्ज त्याआधीच्या जुन्या पद्धतीच्या दराला बांधलेले आहे, किंवा गृहवित्त कंपनीचे आहे, त्यांच्यापर्यंत ती उशिरा आणि अर्धीमुर्धी पोचते. आपल्याकडे गुंठेवारीच्या प्लॉटवर बांधलेली घरे पुष्कळ. एन.ए. नाही म्हणून बँकेने दारात उभे केले नाही, मग अशा कंपनीकडून चढ्या दराने कर्ज घ्यावे लागले. त्या कुटुंबांनी प्लॉट नियमित करून घेण्यासाठी नगरपालिकेत खेटे घालावेत. कागद सरळ झाला की बँकेत जाण्याचा मार्ग खुला होतो आणि तिथला दरातला फरक मोठा असतो. सावकाराकडे घर गहाण असेल तर प्रश्नच नाही. २०१४ च्या सावकारी नियंत्रण कायद्याखाली विनापरवाना सावकाराविरुद्ध जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार करता येते.

बाकीच्यांनी आधी आपल्याच बँकेत अर्ज द्यावा की नव्या ग्राहकाला देता तो दर मला द्या. थोडे शुल्क घेऊन बँका हे करतात आणि कर्ज हलवण्याचा सगळा व्याप वाचतो. दुसरीकडे जायचे म्हटले की प्रक्रिया शुल्क, वकिलाचा सर्च, मूल्यांकन, मुद्रांक, दुय्यम निबंधकाकडची नोंद हे सगळे पुन्हा आले. पाच-सहा वर्षेच उरली असतील तर व्याजाचा मोठा भाग देऊन झालेला असतो, अशा वेळी हलवाहलव क्वचितच परवडते. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड व्यक्तीला लावता येत नाही, बँकांना तो २०१२ पासून बंद आहे. जुनी बँक कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत देत नसेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक गोष्ट बीडकरांना सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती जखम ताजी आहे. आपल्या गुरुजींच्या हाती महागाई भत्त्याच्या फरकाचे एक लाख आले असे धरा. सात वर्षांनंतरच्या त्या कर्जात ते भरले तर १७ हप्ते कमी होतात. म्हणजे लाख भरून तीन लाखांहून जास्त देणे टळते. पण या जिल्ह्यात ते लाख कर्जात जात नव्हते, मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये जात होते. घराला साडेनऊ टक्के देतो आणि ठेवीवर बारा-चौदा मिळतात, मग कर्ज का फेडायचे, असा हिशेब शिकलेली माणसे करत होती. ज्ञानराधा मल्टिस्टेटमधून २०२३ च्या अखेरीस पैसे मिळायचे थांबले. पुढे गुन्हे दाखल झाले, अध्यक्षाला अटक झाली, ईडीने मालमत्ता जप्त केल्या. ठेवीदार अजून खेटे घालत आहेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. त्या ठेवीदारांत असे कितीतरी आहेत ज्यांची ठेव बुडाली आणि गृहकर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला कापला जात राहिला. जास्तीचे ते तीन-चार टक्के धोक्याची किंमत होती आणि ती त्यांना कुणी सांगितली नव्हती. स्वतःचे कर्ज फेडण्याइतकी बिनधोक गुंतवणूक मध्यमवर्गीय माणसाला दुसरी नाही.

शिक्षक संघटनांना, कर्मचाऱ्यांच्या पतसंस्थांना माझी विनंती आहे. तुमच्या वार्षिक सभेत लाभांशाच्या टक्क्यावर तासन्‌तास भांडण होते. त्यातला एक तास काढा, सभासदांना जोडीदारासह बोलवा आणि प्रत्येकाच्या गृहकर्जाचा उतारा फळ्यावर मांडून दाखवा. गणिताचे शिक्षक तुमच्यात कमी नाहीत. टॉप-अपच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही करण्याआधी पैसा कशासाठी लागतो हे सहकाऱ्याला विचारा आणि लग्नासाठी असेल तर सही नाकारा. नातं तुटणार नाही, आणि तुटलेच तर त्या घराचे छप्पर तरी राहील.

वाचकांना सांगणे एवढेच. पुढच्या पगाराच्या आठवड्यात दोघे मिळून बँकेत जा. साहेबांना म्हणा, “आमच्या कर्जाचा उतारा मराठीत द्या, मुद्दल किती उरलं, हप्ते किती उरले आणि शेवटचा हप्ता कोणत्या तारखेचा, ते त्यावर लिहून द्या.” ती तारीख हाती आल्याशिवाय कुठल्याही नव्या अर्जावर सही करू नका.